तंबाखूचा चिखल

मी चाळिशी ओलांडलेला, बायको असलेला, नोकरी असलेला माणूस आहे आणि मी प्लॅस्टिकचे रणगाडे जोडून रंगवतो. हे वाक्य लिहायला मला एक ओळ लागली. तोंडानं म्हणायला मात्र बरीच वर्षं गेली.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी पॅटर्नमेकर आहे. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी आम्ही करतो, वाळूत त्याचा ठसा घेतात आणि मग त्यात रस ओततात. नमुना केसभर चुकला की सगळे नग चुकतात, आणि फोरमन आमच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. त्यामुळे नजर आणि बोटं बारीक कामाला सरावलेली. सुट्टीच्या दिवशी त्याच बोटांनी मी काडेपेटीएवढे रणगाडे जोडतो. आम्ही पाच जण आहोत. वडगावात एकाच्या घरी माग आहेत. माग बंद असले की त्याच्या पुढच्या खोलीत दोन फळ्या जोडून आम्ही रणभूमी मांडतो. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, कुणाची गाडी कुणाला दिसते यावरून भांडायचं. पोरांचा खेळ म्हणणारे म्हणोत. भांडणं अगदी थोरामोठ्यांची होतात.

आमच्यात सगळ्यात थोर म्हणजे सर. गणिताचे निवृत्त मास्तर. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि संताप दोन्ही भाषांत. त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली अकरा रणगाड्यांची पेटी होती, सुटे भाग तसेच चौकटीत अडकलेले. त्या साच्याचे नग आता कुणी काढत नाही. सरांचा हात थरथरायला लागला होता, त्यामुळे त्यांना स्वतःला ते जोडता येईनात. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांचं कायमचं मुलीकडं बेंगळुरूला जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांची शेवटची लढाई आणि ती याच अकरा गाड्यांनी व्हायची. पेटी त्यांनी माझ्या हातात दिली.

"एक नग मोडलास तर दुसरा मिळत न्हाई. कळलं काय? बर्फातली लढाई आहे. गाड्या पांढऱ्या पाहिजेत. आणि पट्ट्यांत चिखल पाहिजे. गाडी चालली की चिखल आला."

बाकी तिघांनी माझ्याकडं बघितलं. पेटी आपल्याला मिळाली नाही याचं त्यांना वाईट वाटलंय, हे मला दिसलं आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

तीन आठवडे मी त्या गाड्यांत होतो. कटरनं एकेक भाग सोडवायचा, पात्यानं कड तासायची, डिंकाचा थेंब सुईच्या टोकानं लावायचा. चाकांवरून जाणाऱ्या पट्ट्याची एकेक कडी तांदळाच्या कणीएवढी. मग आधी करडा अस्तराचा हात, त्यावर हिरवा, त्यावर पांढरा, कुठं खरवडून खालचा हिरवा दिसेल असा. इथपर्यंत सगळं झकास झालं. अडलं ते चिखलाशी. बाजारातली चिखलाची लुकण लावली तर गाडीला चॉकलेट फासल्यासारखं दिसे. फाउंड्रीची वाळू चाळून लावली तर त्या मापात ती धोंड्यांएवढी वाटे.

त्याच सुमारास निपाणीला आईकडं गेलो होतो. आई चाळीस वर्षं विड्या वळतेय. विड्या वळूनच तिनं मला आयटीआयला घातलं. आता नजर कमी झालीय, मी नको म्हणतो, तरी ती थोड्या वळतेच. तिच्या सुपाच्या कोपऱ्यात तंबाखूची भुकटी पडली होती. तांबूस काळी, मऊ, मधूनच एखादा बारीक दाणा. मी चिमूट बोटांत घेऊन चोळली आणि मला रणगाड्याचा पट्टा डोळ्यांसमोर दिसला. असा चिखल आणखी कुणाकडं असणार?

"आई, थोडी भुकटी दे गं. गुलाबाला कीड लागलीय."

"ने की. पर झाडाच्या बुडात नको घालू, पानांवर मार."

तिनं कागदात पुडी बांधून दिली. माझ्या घरी गुलाब नाही. साधी कुंडीसुद्धा नाही. मग खोटं का बोललो? जिनं विड्या वळणाऱ्या बोटांनी मला वाढवलं तिच्यासमोर, मी रणगाडे रंगवतो, हे सांगायची लाज वाटली. निदान तेव्हा मी स्वतःला असं समजावलं. कामावर कुणी विचारलं तर आई घरीच असते असं मी सांगतो, विड्यांचं नाव काढत नाही. ती लाज वेगळी आणि ही वेगळी, अशी माझी समजूत होती.

पांढऱ्या डिंकात भुकटी कालवून पट्ट्यांत भरली. इतका सुंदर चिखल मी कुणाच्या गाडीवर बघितलेला नाही. वरून पाण्यातलं वार्निश मारलं, अकराही गाड्या खोक्यात कापसावर मांडल्या आणि खोकं कपाटावर ठेवलं. बाहेर पावसाची झड लागली होती. घरात पापड सादळत होते, मीठ ओलं होत होतं. गुरुवारी कामावरून आल्यावर, चहाच्या आधी एकदा डोळे भरून बघावं म्हणून खोकं उघडलं.

पांढऱ्या गाड्यांना पिवळे-तपकिरी डाग आले होते. पट्ट्यांपासून वर चढलेले, अकराच्या अकरा गाड्यांना. ओल्या भिंतीला येतात तसे.

माझं डोकं फिरलं. पहिलं काय केलं असेल, तर बायकोवर ओरडलो. खोक्याला कुणी हात लावला, चहा कुणी सांडला, ओल्या फडक्यानं कपाट पुसायची काय गरज होती. ती कणीक मळत होती. तिनं हात धुतले, एक गाडी उचलली आणि नाकाशी धरली.

"अहो, चहा कशाचा? ह्याला तंबाखूचा वास येतोय. काय लावलंय तुमी?"

मी गाडी तिच्या हातून काढून घेतली. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणाला दमदाटी करून झाली होती.

"सासूबाईस्नी इचारा," ती म्हणाली. "त्यास्नी ठावं असंल."

"तिला काय कळतंय त्यातलं," असं मी म्हणालो. ते वाक्य आज आठवलं की कानशिलं तापतात.

डागांवरून पुन्हा पांढरा दिला. तासाभरात वाळला, छान झाला. जेवताना मी बायकोला दोन शब्द ऐकवलेसुद्धा. शुक्रवारी सकाळी बघतो तर नव्या पांढऱ्यातून तोच डाग वर आलेला, आणखी गडद. रविवारला मधे एक दिवस. मग सुई घेऊन पट्ट्यातला चिखल टोकरायला बसलो. तिसऱ्याच कडीला कट्कन आवाज झाला. कडी तुटून टेबलावर पडली. दुसरा नग मिळत न्हाई, कळलं काय. सरांचा तो आवाज माझ्या कानात वाजत राहिला आणि मी सुई खाली ठेवली.

कामावर रजा टाकली, दोन गाड्या जेवणाच्या डब्यात कापसात घातल्या आणि निपाणीची बस धरली. संकेश्वरच्या अलीकडं फोन वाजला. सर.

"गाड्या तयार?"

"तयार आहेत, सर."

"मग मी उद्या येतो बघायला. रविवारची वाट बघणं होत न्हाई मला."

"उद्या नको, सर. वार्निश ओलं आहे. पावसाची हवा, वेळ लागतोय वाळायला."

म्हाताऱ्याला गणित कळतं, माणसंही कळतात. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मांडीवरचा डबा मी निपाणी येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून होतो. शेजारच्या बाईला वाटलं असेल, आत दागिने आहेत.

आई सूप मांडीवर घेऊन दारात उजेडाला बसली होती. मी अवेळी आलेला बघून घाबरली. मग डबा बघून म्हणाली, "जेवायला घिऊन आलास व्हय रं?" मी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला. तिनं चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघितलं.

"हे काय?"

सांगितलं. सगळं सांगितलं. गुलाब नाही, कीड नाही, मी हे जोडतो, हे रंगवतो, रविवारी एका म्हाताऱ्या माणसाला द्यायच्यात, पुन्हा मिळणार नाहीत. ती हसली नाही. मी तिच्या हसण्याचीच तयारी करून आलो होतो.

"तवाच खरं सांगिटला असतास तर पुडी दिलीच नसती," ती म्हणाली. "तंबाखूला सादळलं की घाम येतोय. आमची लुगडी बघितला न्हाईस व्हय आयुष्यभर? धुऊन वाळत घातलं तरी डाग वर येतोय. आन तू पांढऱ्याला लावलास!"

"वरून रंग दिला की—"

"वरनं काय बी दे. आत तंबाखू हाय तवर डाग हाय. कणन् कण काढाय पायजे."

"काढताना मोडतंय, आई."

तिनं गाडी उचलली. विडीचं तोंड आत दुमडायला तिच्याकडं एक लोखंडी काडी आहे, छत्रीची काडी दगडावर घासून तिनंच कधीतरी केलेली. ती काडी तिनं कडीच्या फटीत घातली, जोर न देता नुसती फिरवली. भुकटी कागदावर पडली. पुढची फट. पुन्हा पडली. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. एक आख्खी बाजू झाल्यावर तिनं गाडी फुंकली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एकही कडी हललेली नव्हती.

"अशा किती हायत?"

"अकरा."

तिनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं, काडी रुमालात गुंडाळली आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, लेकाकडं निघालोय, दोन दिवसांनी येतो. आमच्याकडं बायकासुद्धा असंच बोलतात.

शनिवारी सकाळपासून ती आमच्या खिडकीशी बसली. बायको मधेमधे चहा द्यायची आणि माझ्याकडं असं बघायची की मी नजर चुकवत होतो. बाहेर पाऊस, शेजारी मागांचा खडखडाट, आणि आई एकेक कडी कोरतेय. डिंक जिथं दगडासारखा झाला होता तिथं ती काडी गरम पाण्यात बुडवून, पुसून घालायची. दुपारी जेवायला उठली तेव्हा तिला पाठ सरळ करता येईना. मी म्हणालो, राहू दे, आठ झाल्या, तीन मी करतो. ती म्हणाली, "तू मोडशील." खरंच होतं ते.

कण निघाले, पण जे डाग रंगात मुरले होते ते मुरलेलेच. त्यावर काय? विचार करून डोकं शिणलं, आणि मग माझी मलाच शरम वाटली. लाकडी पॅटर्नला आम्ही रोज काय लावतो? चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ओल्या वाळूचं पाणी लाकडात शिरू नये, लाकडाचा चीक बाहेर येऊ नये म्हणून. बाटली माझ्याच कपाटात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण स्पिरिट हा असल्या रंगाचा वैरी. ज्या गाडीची कडी तुटली होती तिच्या पोटाला मी ब्रशनं एक हात देऊन बघितला. पांढरा, हिरवा, अस्तर, सगळं सायीसारखं गोळा होऊन ब्रशाला आलं. खालचं प्लॅस्टिक उघडं पडलं.

आता फवारा एवढंच उरलं होतं. लाख आणखी पातळ केली, रंग फवारायचं पेन लांब धरलं, नुसता वाफारा गाडीवर जाईल असा. स्पिरिट हवेतच उडालं पाहिजे, गाडीवर ओलं पोचलं की संपलं. एक वाफारा, पाच मिनिटं थांबायचं, दुसरा, परत थांबायचं. माझा हात कधी थरथरत नाही. त्या दुपारी थरथरला, आणि सरांना रोज कसं वाटत असेल ते मला कळलं. चार वाफारे झाल्यावर रंग जागचा हलला नव्हता. त्यावर पांढरा दिला. तुटलेल्या कडीच्या जागी पत्र्याचा तुकडा कापून बसवला. उघडं पडलेलं पोट रंगवून टाकलं. पट्ट्यांत या खेपेला चिखल भरला नाही, तपकिरी रंगाची नुसती पातळ छटा सोडली. आई म्हणाली, तेवढी पुरे.

रविवारी सकाळी खोकं उघडायला मी धजेना. बायकोनं उघडलं. अकराही गाड्या पांढऱ्याशुभ्र. मी हसलो, आणि आईकडं बघितलं तर तीही हसत होती.

आईला सकाळच्या बसमध्ये बसवायचं आणि मग लढाईला जायचं, असा माझा बेत होता. बायको म्हणाली, "ज्या गाड्या त्यांनी धुऊन काढल्या त्या पळताना तरी बघू देत की." आईनं काही न बोलता ठेवणीतलं लुगडं नेसलं. आता नाही कसं म्हणणार?

मागवाल्याच्या घरी तिला खुर्ची दिली, चहा दिला. "माझी आई," एवढंच मी सांगितलं. सर आले, कुणाशी न बोलता खिशातून भिंग काढलं आणि पहिली गाडी उचलली. मग दुसरी. खोलीत फक्त छपराच्या पत्र्यावरचा पाऊस वाजत होता. पत्र्याची कडी असलेली गाडी त्यांच्या हातात गेली तेव्हा मी दुसरीकडं बघत होतो. त्यांनी ती फिरवली, खाली ठेवली, पुढची घेतली. अकरावी गाडी ठेवून त्यांनी भिंग पुसलं.

"नोडप्पा," ते म्हणाले, बघ बाबा. "रंग बरा आहे. रंग मी पुष्कळ बघितलो. पण हे पट्टे! कडी न कडी मोकळी. फटीत कण न्हाई. असलं काम मी जन्मात बघितलो न्हाई." मग माझ्याकडं वळले. "तुझा हात बारीक आहे, पण इतका न्हवता. हे तूच केलास?"

तिघं माझ्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडावरचा हेवा मला दिसत होता. अशी दाद देऊन हा माणूस उद्या गावातून जाणार होता.

"व्हय, सर," मी म्हणालो. "बसून केलं."

का म्हणालो? आयतं हातात आलं आणि मी घेतलं. बोलताना नजर सहज आईकडं गेली. तिनं चहाचा कप हळूच खाली जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. बोटांची टोकं तपकिरी आहेत तिची, नखांच्या कडा काळ्या. हात घेतले ते रागानं नव्हे, रुसूनही नव्हे. माझं बोलणं खोटं पडू नये म्हणून तिनं ते हात चारचौघांच्या नजरेआड केले. कुठल्याही आईनं लेकाचं उघडं पडलेलं काही झाकावं, तितक्या सवयीनं.

"न्हाय, सर," मी म्हणालो. आवाज मोठाच निघाला. "मी न्हाय केलं. तंबाखू भरून मी घाण करून ठेवली होती. ह्या गाड्या गेल्याच होत्या. पट्टे सगळे आईनं साफ केले. कालचा आख्खा दिवस बसून."

तंबाखू हा शब्द ऐकून सर भडकतील असं मला वाटलं होतं. ते भडकले नाहीत. भिंग हातात घेऊन ते तिच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकले.

"आक्का, तुम्ही केलात? कशानं केलात हे? हात बघू द्या की जरा."

आई सावरून बसली. पदर आणखी घट्ट झाला.

"न्हाय ओ, सर," ती म्हणाली. "लेकानंच केलंय. माझं काय न्हाय त्यात."

सरांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मी पुन्हा सांगितलं, तिनंच केलं. तिच्याजवळ जाऊन, गुडघ्यावर बसून सांगितलं, आई, दाखव की गं त्यांना. ती माझ्याकडं बघून हसली आणि तिनं नकारार्थी मान हलवली. लढाई सुरू झाली, गाड्या बर्फातून निघाल्या, मधेच सर तिला एकेक गाडीची चाल समजावून सांगत होते आणि ती व्हय व्हय म्हणत होती. चार तासांत तिनं हात बाहेर काढले नाहीत.